आजोबांचं नाव धोंडीराम : महिना, दगड की गणपती?

खिलारी_जोडी

राम राम मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज घरातल्या भांडणामुळं लिहायची वेळ आली.

गावाकडचं (तासगाव तालुका) माळवदाचं घर पाडून नवं बांधतोय. स्लॅब झाला, गिलावा चालू आहे. दादाच्या डोक्यात घराला आजोबांचं नाव द्यायचं आहे, 'धोंडीराम'. तेवढ्यावर थांबला नाही, काळ्या ग्रॅनाइटची पाटी कोरायला सांगूनही आला. वहिनीनं ऐकलं आणि म्हणाली, "लोक चुकून पायावर धोंडा पाडून घेतात, आपण पैसे मोजून दारात लावायचा?" झालं. दोन दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतायत.

अण्णा (वडील) म्हणतात, आजोबा धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणून धोंडीराम, त्यात वाईट काय? काका म्हणतात, तसं काही नाही, त्यांच्या आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून दगडाचं नाव ठेवलं, दगडासारखा टिकावा म्हणून. दोघांनाही हे कुणी सांगितलं ते आठवत नाही. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४६.

तर प्रश्न असा : धोंडू, धोंडो, धोंडिबा, धोंडीराम ही नावं नक्की कशावरून? आणि आमच्या आजोबांचं कशावरून, हे आता शोधता येईल का?

---

चकली_मोडली

वहिनींना साष्टांग दंडवत. पाटीचं माहीत नाही, पण हे वाक्य कोरून घ्या.

---

निवृत्त_मास्तर

१ जून ही जन्मतारीख नाही हो, ती आमची, म्हणजे मास्तरांची करामत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा, तारीख विचारली की "पेरणीच्या टायमाला झाला" म्हणायचा. मग डोक्यावरून हात फिरवून उलट्या बाजूचा कान धरता येतो का बघायचं. आला तर सहा वर्षांचा. आणि नोंद १ जून. माझ्या पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात एका पानावर निम्म्याहून जास्त पोरं १ जूनची होती. वर्षही खात्रीचं धरू नका. एखाद-दुसरं वर्ष इकडेतिकडे सर्रास व्हायचं.

---

तिथीनिश्चय

मास्तरांशी सहमत. शिवाय १९४६ साली अधिक महिना नव्हताच. त्यामुळे दाखला खरा धरला तर अण्णांचं म्हणणं बाद, आणि अण्णांचं खरं धरलं तर दाखला बाद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा चांद्रमास येतो. ज्या अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्य रास बदलत नाही, म्हणजे त्या महिन्यात संक्रांतच पडत नाही, तो अधिक. पोथीत मलमास किंवा पुरुषोत्तम मास, बोलण्यात धोंड्याचा महिना. या महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत काही करत नाहीत.

आजोबांचं जन्मवर्ष नक्की सांगा, मी महिना काढून देतो.

---

शेंगदाण्याची_चटणी

काकांचं म्हणणं मला जास्त पटतं. आमच्या आजोळी तीन पिढ्यांत दगडू, धोंडू, भिकू, केरू, कचरू, नथू अशी सगळी सेना आहे. कारण एकच. मूल जगत नव्हतं. घटसर्प, देवी, पटकी, धनुर्वात, काय काय. मग नियतीला फसवायचं. चांगलं नाव ठेवलं तर तिचं लक्ष जाणार. दगड कोण नेणार? केरातलं कोण उचलणार?

यातल्या प्रत्येकाला विधी असायचा, नुसतं नाव नाही. भिकू असेल तर त्याच्यासाठी पाच घरी पदर पसरून जोंधळे मागायचे, कपडासुद्धा मागून आणलेला. केरू असेल तर बाळाला सुपात घालून क्षणभर केरावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं आणि "मला सापडलं" म्हणून आईला परत द्यायचं. नथू म्हणजे मुलाचं नाक टोचून नथ घालायची, मुलगी वाटावी म्हणून. खिलारी, आजोबांचं नाक किंवा कान टोचलेला होता का? बाकीच्या भावंडांची नावं काय? एकाच घरात एकापाठोपाठ अशी नावं असतील तर काका जिंकले.

---

खिलारी_जोडी

@शेंगदाण्याची_चटणी, कान टोचलेला होता, पण तो त्या वयाच्या सगळ्यांचाच असायचा. नाक नाही. भावंडांत एकच बहीण, त्यांच्याहून लहान, शकुंतला. आम्ही आत्याआजी म्हणतो. म्हणजे काका हरले बहुतेक.

---

अर्धविराम

तुम्ही सगळे दगडात अडकलात. धोंडो, धोंडीराज हे धुंडिराजाचं रूप असू शकतं. धुंडिराज म्हणजे गणपती. काशीत विश्वनाथाजवळचा ढुंढिराज प्रसिद्ध आहे. दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव धुंडिराज, धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. नावाचा अर्थ 'शोधला जातो तो', ढुंढ म्हणजे शोधणं. तेव्हा वहिनींना सांगा, दारात धोंडा नाही, गणपती लागतोय.

---

शेंगदाण्याची_चटणी

@अर्धविराम, आलं संस्कृत धावून! तासगावच्या रानातल्या पोराचं नाव ठेवायला काशीचा गणपती येतोय होय? फाळक्यांचं घर शास्त्र्यांचं होतं, तिथं धुंडिराज शोभतो. आमच्या धोंडूला धोंडाच पुरतो.

---

अर्धविराम

तासगावला गणपती चालत नाही म्हणता? अहो, पटवर्धनांचा गणपती आणि त्याचं गोपुर बघायला लोक लांबून येतात. आणि मी 'असू शकतं' म्हटलंय, 'आहेच' नाही. धोंडो केशव कर्वे, दुसरे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत, इंग्रजांच्या नाकी नऊ आणणारा धोंडजी वाघ, या सगळ्यांच्या आया एकच विचार करत होत्या असं का धरायचं? नाव एक, वाटा अनेक.

---

बाकावरचा_तिसरा

धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले. १८५८ ते १९६२. नियतीनं दगड उचलला नाही हे मान्य करावं लागेल. :)

---

चकली_मोडली

आणि त्यांना भारतरत्न शंभराव्या वर्षी मिळालं. नाव सार्थ.

---

म्हापशेकार

आमच्या गोव्यात 'धोंड' म्हटलं की दगड आठवत नाही, शिरगावची लईराई आठवते. डिचोली तालुक्यातलं शिरगाव. वैशाख शुद्ध पंचमीला जत्रा. देवीचे व्रतस्थ भक्त म्हणजे धोंड. उपास करतात, सोवळ्यात राहतात, हातात वेताची रंगीत गोंडे लावलेली काठी, आणि रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. त्याचा तुमच्या धोंडीरामाशी संबंध आहे असं म्हणत नाही. पण आमच्याकडे "तो धोंड आहे" हे मानानं म्हणतात, एवढं वहिनींच्या कानावर घाला.

---

कावेरीकाठ

ही चाल आपल्यापुरती नाही. मी पंधरा वर्षं चेन्नईत आहे. इथं पिच्चै म्हणजे भिक्षा, आणि ते माणसाचं नाव आहे. कुप्पै म्हणजे कचरा, त्यावरून कुप्पन, कुप्पम्मा, कुप्पुस्वामी. तेलुगूत पेंट म्हणजे उकिरडा, आणि पेंटय्या नावाचे आजोबा आमच्या सोसायटीत राहायला होते. बंगालीत तर हिशोबच मांडलाय : तिनकडी, पाचकडी. मूल तीन किंवा पाच कवड्यांना दुसऱ्या बाईला 'विकायचं' आणि मग सांभाळायला परत घ्यायचं. मूल माझं नाहीच, मग माझ्या नशिबाचा त्याला काय त्रास? हिंदीत घसीटा, छेदी, नत्थू आहेतच.

सगळीकडे डाव तोच. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे घेण्यासारखं नाही.

---

आयटीतला_अडाणी

@कावेरीकाठ, याच्यावर कडी. माझ्या टीममध्ये एक मंगोलियाची मुलगी होती. तिच्या मामाचं नाव नेरगुई. अर्थ विचारला तर म्हणाली, 'नाव नाही'. म्हणजे माणसाचं नाव 'नाव नाही'. दुसरं एक नाव सांगितलं, एनबिश, 'हा नव्हे'. भूत आलं आणि विचारलं कोण आहे, तर उत्तर 'हा नव्हे'. तिला आपला धोंडू समजावून सांगितला तर म्हणाली, त्यात काय, आमच्याकडे पण दगड आहे.

---

तिथीनिश्चय

या धाग्यात एक नाव राहून गेलं म्हणून लिहितो. केरूनाना छत्रे. केरो लक्ष्मण छत्रे, एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती आणि ज्योतिषी, लोकमान्य टिळकांचे गुरू. त्यांचं मूळ नाव विनायक. पण साऱ्या महाराष्ट्रानं ओळखलं ते 'केरू' म्हणून. आणि पटवर्धनी पंचांग उभं राहिलं ते याच केरूनानांच्या गणितावर! अधिक महिना कधी येतो ते सांगणारा माणूसच केरातून उचललेला.

---

उंबरठा

सगळं गोड चाललंय, मी जरा मीठ टाकते.

दगडू, केरू ही मुलं. ती जगावीत म्हणून वाईट नाव. मुलींचं काय? आमच्या साताऱ्यात नकुशी, नकोसा ही नावं कशासाठी ठेवली, तर मुलगी नको म्हणून. पुढचा मुलगा व्हावा म्हणून. तिथं नियतीला फसवणं नाही, तिला उघड सांगणं आहे की ही नको होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. मुलींनी स्वतः नवी नावं निवडली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली.

माझी मावशी नकुसा होती. शाळेत हजेरी घेताना मास्तर तिचं नाव हळू आवाजात घ्यायचे, एवढा चांगला माणूस. लग्नात नाव बदललं तेव्हा ती रडली नाही, बाकी सगळ्या मुली रडतात. आम्हाला तिनंच हसत सांगितलं होतं. म्हणून 'जुनी नावं किती गमतीची' म्हणताना जपून.

---

शेंगदाण्याची_चटणी

@उंबरठा, बरोबर आहे, मी एकाच दमात सगळी नावं लिहून टाकली. दोन्ही वेगळ्याच गोष्टी आहेत. 'हे तुझं नव्हे' आणि 'हे मला नको', या दोन्हींत दिसायला अंतर कमी आहे, पण ज्याला ते नाव मिळतं त्याला ते कळतं.

तरी एक. दगडाबाई, धोंडाबाई याही बायका असायच्याच. मुलगी जगावी म्हणून ठेवलेल्या. गायिका धोंडूताई कुलकर्णी आठवा, केसरबाईंच्या शिष्या.

---

उंबरठा

हो. आणि धोंडूताईंनी नाव बदललं नाही. तेच नाव घेऊन मैफिली केल्या.

---

पोळपाट_लाटणं

वाचतेय. अधिक महिना आलाच आहे विषयात तर विचारते, धोंडे कुणी करतं का अजून? आमच्याकडे पुरण भरून उकडतात, सासूबाई धोंडे म्हणतात. माझ्या माहेरी मात्र जावयाला ३३ अनारसे. चांदीच्या ताटलीत, वर निरांजन. मागच्या वेळी माझे ३३ पैकी ११ तुपात हसले.

---

चकली_मोडली

अनारसे हसले म्हणजे? विनोद सांगितलात का?

---

पोळपाट_लाटणं

@चकली_मोडली, तुपात सोडल्यावर विरघळून पसरले. त्याला 'हसणं' म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवून पाणी रोज बदललं, पीठ चाळलं, गूळ मोजला, तरी हसले. सासूबाई म्हणाल्या, गूळ ओला होता. जावई म्हणाले, चुरा पण चालेल.

---

बाकावरचा_तिसरा

आमच्याकडे अनारसे वाटण्यापेक्षा बत्तासे देतात. जाळी असली म्हणजे झालं. म्हैसूरपाकही चालतो. चितळ्यांचा आणलेला चालतो का यावर आमच्या घरी चर्चा झाली आणि चालतो असं ठरलं.

---

निवृत्त_मास्तर

मंडळी, अनारशांचा वेगळा धागा काढा. इथं एका माणसाच्या घरी पाटी अडलीये.

अधिकराव हे नाव कुणी घेतलं नाही अजून! सातारा-सांगलीकडे अधिकराव नावाची कितीतरी माणसं भेटतील. माझ्या वर्गात दोन होते. एकाच्या बापाला विचारलं तर म्हणाला, अधिकात झाला म्हणून अधिक. म्हणजे महिन्यावरून नाव ठेवण्याची रीत आपल्या भागात होती. कुणी अधिकराव ठेवलं, कुणी पोथी वाचणारे असतील तर पुरुषोत्तम, आणि कुणी सरळ धोंडीराम. अण्णांचं म्हणणं उगाच नाही.

---

अर्धविराम

मास्तर, हे भारी. म्हणजे धोंडीराम, अधिकराव आणि पुरुषोत्तम हे एकाच महिन्याचे तीन भाऊ.

---

तिथीनिश्चय

@खिलारी_जोडी, गावात जन्माच्या आसपासची एखादी मोठी घटना कुणाला आठवते का? दुष्काळ, पूर, साथ, लढाई, निवडणूक, काहीही. तारखेपेक्षा ते जास्त खरं असतं. माझ्या आजीचा जन्म आम्ही 'मोठ्या तापाच्या साथीनंतरची पहिली दिवाळी' यावरून काढला.

---

खिलारी_जोडी

बघतो. आत्याआजी विट्याला असते. रविवारी जातो. फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी ती आधी "जेवलास का" एवढंच विचारून ठेवून देते.

---

चकली_मोडली

जेवून जा.

---

आयटीतला_अडाणी

तोवर एक शंका. धोंडा आणि दगड यात फरक काय? 'दगडधोंडे' म्हणतो म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असणार.

---

शेंगदाण्याची_चटणी

आमच्याकडं हातात मावतो तो दगड, मावत नाही तो धोंडा. शेतात पाळी घालताना फाळाला अडतो तो धोंडा. बांधावर नेऊन टाकायला दोघं लागतात. भिरकावतात तो दगडच.

---

म्हापशेकार

आणि शेंदूर लावतात तो? तो तर धोंडाही असतो आणि तांदळाही (म्हणजे चेहरा नसलेला देवाचा दगड).

---

शेंगदाण्याची_चटणी

त्याला आमच्यात नावच असतं. म्हसोबा, नाहीतर बिरोबा. धोंडा म्हटलं तर आजी कानाखाली देईल.

---

खिलारी_जोडी

मंडळी, आलो. लांबलचक आहे, बसून वाचा.

आत्याआजीला विचारलं, आजोबांचा जन्म कधीचा? म्हणाली, "ते मला काय म्हाईत, मी त्येच्या पाठची. पर आई सांगायची. गावात चावडीवर झेंडा लागला, पोरं साखर वाटत फिरत व्हती, आन् ती बाजेवर. कुणीतरी पोरगं खिडकीतनं तिला साखर द्याला आलं, तर सुईणीनं हाकललं त्येला. पाचवी पुजायची व्हती अजून."

मी म्हटलं, कुठला झेंडा? तर म्हणाली, "सातंत्र्याचा. दुसरा कुठला?"

म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ आणि तेव्हा पाचवी झालेली नव्हती. जन्म ११ ते १५ ऑगस्टच्या मधला. @तिथीनिश्चय, आता तुम्ही सांगा.

(अजून आहे, पण आधी हे.)

---

तिथीनिश्चय

अहो, हे म्हणजे हातात आणून दिलंत!

१९४७ साली श्रावण अधिक होता. १८ जुलैला अमावास्या, १६ ऑगस्टला पुढची. सूर्य कर्केत १८ जुलैच्या आधीच शिरलेला आणि सिंहेत १६ ऑगस्टनंतर. मधल्या महिन्यात संक्रांत नाही. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे अधिक श्रावण वद्य चतुर्दशी. देश स्वतंत्र झाला तोच धोंड्याच्या महिन्यात!

ताळा हवा असेल तर : १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात. १२ गुणिले १९ म्हणजे २२८, वरचे ७ अधिक. म्हणून अधिक महिने बहुतेक वेळा १९ वर्षांनी त्याच जागी परत येतात. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता, सगळ्यांना आठवत असेल. २०२३ वजा १९४७ म्हणजे ७६. १९ चोक ७६.

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

---

बाकावरचा_तिसरा

त्या आठवड्यात जन्मलेल्या किती मुलांचं नाव स्वतंत्रकुमार, भारत, जवाहर ठेवलं असेल. आणि तासगावात ठेवलं धोंडीराम!

---

अर्धविराम

मी माझा गणपती मागे घेतो. या वेळेपुरता.

---

निवृत्त_मास्तर

आणि शाळेच्या दाखल्यावर चौदा महिने आधीची तारीख. म्हणजे पोरगं पाचव्या वर्षीच शाळेत आलं आणि आमच्यातल्याच कुणीतरी त्याला सहाचं केलं. त्या मास्तरांच्या वतीनं माफी.

(बारीक दुरुस्ती : तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, त्याचं सांगली हे नाव १९६० चं.)

---

शेंगदाण्याची_चटणी

'अजून आहे' म्हणालात आणि गायब. काय आहे?

---

खिलारी_जोडी

जेवत होतो.

तर मी आत्याआजीला म्हटलं, म्हणजे अण्णा बरोबर, धोंड्याच्या महिन्यामुळं धोंडीराम. काकांची ती दोन लेकरं गेल्याची गोष्ट उगाच. तर ती पायावरची गोधडी नीट करत म्हणाली, "उगाच कशाला? ती बी खरीच. दोन गेली. एक म्हादू, एक नुसतंच, नाव ठेवायच्या आत. ह्यो धोंड्यात झाला म्हणून सुईण म्हणली धोंडी म्हणा. आईला आवडलं नव्हतं. तिला रामचंद्र ठेवायचं व्हतं. म्हणून मग धोंडी आन् राम, दोनी."

मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं संपलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, "पर त्यो जगला. रांगाय लागला, चालाय लागला. तवा आईला वाटलं, ह्येच नाव लागू पडतंय. म्हणून माझ्या वक्ताला तिनं ठेवलं दगडा."

मी विचारलं, कोण दगडा?

"म्या. दगडाबाई. शकुंतला सासरचं."

मंडळी, मी छत्तीस वर्षांचा आहे. अण्णा पंचावन्नचे आहेत. आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. लग्नात नाव बदललं, माहेरचे जुने लोक गेले, रेशनकार्डावर शकुंतला, आधारकार्डावर शकुंतला. मी म्हटलं, आजी, कधी सांगितलं नाहीस. तर म्हणाली, "इचारलं कुणी?" आणि मग, "जेवलास का?"

---

उंबरठा

.

(शब्द नाहीत म्हणून टिंब.)

---

शेंगदाण्याची_चटणी

म्हणजे मी म्हटलं होतं ते, 'भावंडांची नावं बघा', ते बरोबर होतं. फक्त नाव सासरच्या नावाखाली झाकलेलं होतं. आणि आम्ही सगळे दोनपैकी एक निवडत बसलो होतो. महिन्यानं पहिलं नाव दिलं, पोर टिकलं, आणि त्या माऊलीनं दुसऱ्या वेळी तोच उपाय मुद्दाम केला. औषध लागू पडलं की तेच परत द्यावं तसं.

आणि मुलीसाठी केला, हेही बघा. @उंबरठा.

---

उंबरठा

बघितलं.

---

आयटीतला_अडाणी

३६ वर्षांचा नातू आणि ५५ चे वडील? १९ चा फरक. इथंही तिथीनिश्चयांचं चक्र!

---

खिलारी_जोडी

@आयटीतला_अडाणी, हो, अण्णांचं लग्न लवकर झालं. आणि माझा मोठा भाऊ कुठून आला असं विचारण्याआधीच सांगतो, दादा थोरल्या काकांचा मुलगा, पण आम्ही एकाच घरात वाढलो. नाहीतर पुढचा धागा माझ्यावर निघायचा.

---

पोळपाट_लाटणं

वहिनींनी काय ठरवलं ते सांगा आधी!

---

खिलारी_जोडी

वहिनीला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, बोलली काही नाही, भाकरी थापत राहिली. संध्याकाळी दादाला (माझ्यामार्फत नाही, थेट!) म्हणाली, पाटीवर एकट्याचं नाव कशाला, दोघांचं टाका. धोंडीराम-दगडाबाई. जन्मली त्याच घरात ना ती पण.

दादानं पाटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, 'धोंडीराम' कोरून झालंय, त्याच ओळीत बसणार नाही, खाली दुसरी ओळ घ्यावी लागेल, आणि अक्षराला वेगळे पैसे. दादा म्हणाला, घे. मग पाटीवाल्यानं विचारलं, शब्द नक्की हाच ना, चुकलं तर दगडावर खोडता येत नाही.

---

चकली_मोडली

दगडावर दगडाबाई. पाटीवाला गोंधळणारच.

---

तिथीनिश्चय

वास्तुशांत कधी आहे? विचारण्याचं कारण, २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून. त्यात करता येणार नाही.

---

खिलारी_जोडी

गेले तीन महिने गवंडी म्हणतोय मेअखेर घर ताब्यात देतो. भटजींना विचारलं तर तेही हेच म्हणाले. आता एकतर १७ मेच्या आत गिलावा, फरशी, रंग सगळं उरकायचं, नाहीतर पाऊस सुरू झाल्यावर मांडव घालायचा. दादा म्हणतोय, धोंडीरामाच्या घराला धोंड्याचा महिनाच आडवा आला. आत्याआजीला सांगितलं तर म्हणाली, मला न्यायला गाडी पाठवा, पायऱ्या किती हायत त्ये आधी सांगा.

---

पोळपाट_लाटणं

किती आहेत?

---

खिलारी_जोडी

पाच. एक कमी करायला सांगितलंय गवंड्याला.